ज्येष्ठमधाची कांडी आणि रक्ताचा दाब

कोल्हापुराहून एका वाचक भगिनींचें पत्र आलें आहे. घर एकत्र, माणसें अकरा, चूल एक. सासूबाईंचें वय अडुसष्ट. दोन वर्षांपूर्वीं त्यांचा रक्ताचा दाब वाढलेला आढळला. डॉक्टरांनीं रोज एक गोळी सुरू केली आणि दाब खालीं आला. गेल्या आषाढापासून मात्र तो पुन्हां चढला आहे. गोळी चुकत नाहीं, सूनबाई ती स्वतःच्या हातानें देतात. लोणचें, पापड, सांडगी मिरची हीं पानांतून केव्हांच उठलीं. डॉक्टरांनीं गोळीची मात्रा दुप्पट केली, तरी वरचा आंकडा एकशें साठाच्या खालीं येईना. शिवाय पायांवर सूज दिसूं लागली आणि रात्रीं पोटऱ्यांत गोळे येऊं लागले. “आतां आणखी काय वर्ज्य करावें?” असा भगिनींचा प्रश्न आहे.

पत्राच्या शेवटीं, जातां जातां लिहावी तशी, एक ओळ आहे. सासूबाईंना कित्येक महिने कोरडा खोकला येतो. त्यासाठीं सकाळ-संध्याकाळ ज्येष्ठमधाचा काढा आणि दिवसभर तोंडांत ज्येष्ठमधाची कांडी चालू आहे. ‘तें घरगुतीच असल्यामुळें डॉक्टरांना सांगितलेलें नाहीं.’ रोग्याला न पाहतां निदान करण्याचा आमचा अधिकार नव्हे, तथापि साऱ्या पत्राचें उत्तर या एका ओळींत असण्याचा संभव फार मोठा आहे. तो कसा, हें समजून घेण्यासाठीं थोडा लांबचा फेरा घ्यावा लागेल.

ज्येष्ठमधावर आमचा राग नाहीं. काष्ठौषधींचा डबा नाहीं असें घर आमच्या वाचकांत क्वचितच सांपडेल, आणि त्या डब्यांत सुंठ, वेखंड, हळकुंड यांच्या शेजारीं ज्येष्ठमधाच्या पिवळसर कांड्या असावयाच्याच. बाळगुटींत त्याचे दोन वेढे उगाळले जातात. अल्लादिया खाँसाहेबांचें वास्तव्य ज्या कोल्हापुरांत झालें, त्या गांवाला गवयाच्या गालांतील ज्येष्ठमध कांहीं नवें नाहीं. चरकसंहितेंत ‘मधुक’ या नांवानें त्याची गणना कंठाला हितकर अशा द्रव्यांत केलेली आहे, आणि घशाला त्यानें बरें वाटतें हा अनुभव खोटा नाहीं. त्याची गोडी साखरेची नव्हे. ग्लिसिऱ्हायझिन नांवाचें एक द्रव्य त्यांत असतें. तें साखरेच्या तीस ते पन्नास पट गोड आहे. आपल्याला काम आहे तें या द्रव्याशीं.

या गोडीमागें दुसरें कांहीं तरी दडलें आहे अशी स्पष्ट शंका १९४६ सालीं हॉलंडांत आली. रेव्हर्स नांवाच्या डॉक्टरांनीं जठरांतील व्रणाच्या रोग्यांना ज्येष्ठमधाचा घट्ट अर्क देऊन पाहिला. रोग्यांना आराम पडला. परंतु सुमारें पांचांत एकाच्या अंगावर सूज आली आणि डोकें दुखूं लागलें. पुढें १९५३ मध्यें त्याच देशांतील डॉक्टरांना आणखी एक चमत्कारिक गोष्ट दिसली. ज्यांच्या अधिवृक्क ग्रंथि, म्हणजे मूत्रपिंडांच्या डोक्यावर टोपीसारख्या बसलेल्या दोन लहान ग्रंथि, पुरत्या निकामी झाल्या आहेत, अशा रोग्यांत नुसतें ज्येष्ठमध कांहींच करीत नाहीं. त्याच्या जोडीला कॉर्टिसोन दिलें, म्हणजे मात्र मीठ आणि पाणी शरीरांत सांठूं लागतें. याचा अर्थ, ज्येष्ठमध हें काम स्वतः करीत नव्हतें. शरीरांतल्याच कोणा दुसऱ्याकडून तें करवून घेत होतें. हा दुसरा कोण, तें नीट कळावयास आणखी पस्तीस वर्षें गेलीं, आणि तें सांगितलें उंदरांनीं.

उंदीर म्हटला कीं आपल्या पणजोबांच्या पिढीला प्लेग आठवे. १८९६ सालीं मुंबईंत शिरलेला तो रोग पुढें देशावर पसरला, आणि ‘उंदीर पडला’ हे दोन शब्द ऐकतांच लोक भरलीं घरें सोडून माळावर झोंपड्यांत राहावयास जात. प्रयोगशाळेंतला पांढरा उंदीर त्या घरउंदराचा चुलतभाऊ म्हणावा. त्याचें खाणें मोजतां येतें, मीठ मोजतां येतें, शेपटीला पट्टा बांधून रक्ताचा दाबही मोजतां येतो. आणि अखेरीस त्याच्या एकेका अवयवाचा कणभर तुकडा घेऊन, त्यांत कोणतें विकर किती वेगानें काम करतें हेंही तपासतां येतें. विकर म्हणजे ज्याला शास्त्रज्ञ एन्झाइम म्हणतात तें. दुधाला विरजण लावल्यावर दह्यांत जो पालट होतो, त्यामागें जंतूंचीं विकरेंच असतात. शरीरांतील हजारों पालट अशाच विकरांच्या हातून होतात, आणि प्रत्येक विकर आपलें ठरलेलें काम सोडून दुसऱ्यांत सहसा लक्ष घालीत नाहीं.

आतां अधिवृक्क ग्रंथींकडे वळूं. त्यांतून अनेक अंतःस्राव रक्तांत उतरतात. आपल्याला त्यांपैकीं दोघांचीच ओळख हवी. पहिला ऑल्डोस्टेरॉन. तो १९५३ सालीं लंडनांत सिम्पसनबाई व टेट यांनीं प्रथम वेगळा करून दाखविला. मूत्रपिंडाला त्याचा हुकूम एवढाच कीं मीठ सोडूं नकोस. त्याबरोबर मूत्रपिंड मिठांतील सोडियम परत रक्तांत ओढून घेतें, त्याच्या मागोमाग पाणी येतें, आणि बदल्यांत पोटॅशियम लघवीवाटे बाहेर टाकलें जातें. नळांत पाणी अधिक भरलें कीं नळाच्या भिंतीवर ताण यावा, तशी रक्तवाहिन्यांची गत होते. दुसरा अंतःस्राव कॉर्टिसोल. त्याचीं कामें निराळीं: उपवासांत रक्तांतील साखर टिकविणें, आजारांत, भीतींत, श्रमांत शरीराला तोलून धरणें. रक्तांत तो ऑल्डोस्टेरॉनच्या शेकडों पटींनीं अधिक असतो. हें प्रमाण वाचकांनीं ध्यानांत ठेवावें. सगळा घोटाळा त्यांतूनच उद्भवतो.

अंतःस्राव पेशीवर काम करतो तो कुलपांत किल्ली बसावी तसा. कित्येक वर्षें असा समज होता कीं मूत्रपिंडांतील कुलूप ऑल्डोस्टेरॉनच्या किल्लीसाठींच घडविलेलें आहे, कॉर्टिसोलची किल्ली त्यांत बसावयाची नाहीं. १९८३ मध्यें मेलबर्न येथील क्रोझोव्हस्की व फंडर यांनीं उंदरांच्या मूत्रपिंडांतील आणि मेंदूंतील हीं कुलपें बाहेर काढून तपासलीं. उंदरांत कॉर्टिसोलच्या जागीं त्याचाच सख्खा भाऊ कॉर्टिकोस्टेरॉन असतो, एवढा फरक. तपासणींत दिसलें तें अनपेक्षित होतें: दोन्ही ठिकाणचें कुलूप एकच, आणि त्यांत दोन्ही किल्ल्या सारख्याच बसतात. चार वर्षांनीं माणसाच्या कुलपाचा जनुक अमेरिकेंत हातीं आला, त्यानेंही तीच ग्वाही दिली. मग मोठाच पेंच पडला. कॉर्टिसोल जर शेकडों पटींनीं अधिक, आणि कुलूप जर दोघांनाही सारखें उघडतें, तर मूत्रपिंडांतील सारीं कुलपें कॉर्टिसोलनेंच अहोरात्र उघडीं राहावयास हवीं, आणि जगांतील प्रत्येक मनुष्याचा रक्तदाब चढलेला असावयास हवा. तसें तर होत नाहीं.

१९८८ सालीं मेलबर्न आणि एडिंबरो अशा दोन ठिकाणीं उत्तर जवळजवळ एकदमच निघालें. प्रयोगाची रीत सांगण्याजोगी आहे. उंदरांच्या अधिवृक्क ग्रंथि काढून टाकल्या, म्हणजे त्यांचे स्वतःचे अंतःस्राव उरले नाहींत. मग किरणोत्सर्गी खूण केलेला अंतःस्राव टोंचून, तो कोणकोणत्या अवयवांत जाऊन बसतो हें पाहिलें. ऑल्डोस्टेरॉन मूत्रपिंडांत बसला, मोठ्या आंतड्यांत बसला, कानाखालच्या लालाग्रंथींत बसला. कॉर्टिकोस्टेरॉन मेंदूंत बसला, परंतु या तीन ठिकाणीं त्याला फारसा शिरकाव मिळाला नाहीं. नंतर दुसऱ्या उंदरांना आधीं ज्येष्ठमधापासून केलेलें औषध दिलें आणि तोच प्रयोग पुन्हां केला. या खेपेस कॉर्टिकोस्टेरॉन त्या तिन्ही ठिकाणीं बेधडक जाऊन बसला.

तेव्हां भेद कुलपांत नव्हता. तो देवडीवरच्या पहारेकऱ्यांत होता. मूत्रपिंड, आंतडें आणि लालाग्रंथि या अवयवांच्या पेशींत कुलपाच्या अलीकडे एक विकर बसलेलें असतें. त्याचें नांव इलेव्हन-बीटा-हायड्रॉक्सिस्टेरॉइड डिहायड्रोजिनेज. एवढें नांव पुन्हां घेण्याचा आमचा धीर नाहीं, म्हणून यापुढें त्याला पहारेकरीच म्हणूं. आंत येणाऱ्या कॉर्टिसोलला हा गांठतो आणि त्याचें कॉर्टिसोन करून टाकतो. कॉर्टिसोन म्हणजे दांते घासलेली किल्ली. ती कुलपांत चालत नाहीं. ऑल्डोस्टेरॉनची घडण अशी आहे कीं या पहारेकऱ्याचा हात त्याला लागत नाहीं; तो सरळ आंत जातो. ज्येष्ठमधांतील ग्लिसिऱ्हायझिन आंतड्यांत फुटून त्यापासून एक आम्ल होतें, तें रक्तांतून मूत्रपिंडांत पोंचतें आणि पहारेकऱ्याचे हात बांधून ठेवतें. मग देवडी मोकळी. शेकडों पटींनीं अधिक असलेला कॉर्टिसोल आंत घुसतो आणि ‘मीठ सोडूं नकोस’ हा हुकूम ऑल्डोस्टेरॉनच्या नांवानें आपणच देऊं लागतो. हॉलंडांतल्या त्या रोग्यांचें कोडें येथें सुटतें: ज्यांच्या शरीरांत कॉर्टिसोलच नाहीं, तेथें पहारेकरी बांधला काय आणि मोकळा असला काय, आंत शिरणारा कोणी नाहीं.

१९८९ मध्यें न्यूयॉर्कच्या माँडर यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यांनीं उंदरांच्या मूत्रपिंडांतील आणि यकृतांतील विकरावर ज्येष्ठमधांतील हें आम्ल घालून, त्याचें काम कसें थंडावतें तें प्रत्यक्ष मोजून दाखविलें. यकृताची गोष्ट मात्र थोडी वेगळी निघाली. तेथील विकराचें नांव तेंच, पण जिवंत शरीरांत तें मुख्यतः उलटें काम करतें. निकामी कॉर्टिसोनचें पुन्हां कॉर्टिसोल बनवितें. १९९४ मध्यें मूत्रपिंडांतील विकराचा जनुक मिळाला तेव्हां हीं दोन विकरें वेगवेगळीं आहेत हें पक्कें ठरलें. ‘शरीरांतील विकरांना चालना देणारें’ अशी जाहिरात ज्या बाटल्यांवर असते, त्यांच्याविषयीं आमचें मत यामुळेंच फारसें चांगलें नाहीं. कोणतें विकर, कोणत्या अवयवांतलें आणि चालना कोणत्या दिशेला, हें सांगितल्यावांचून त्या वाक्याला कांहींच अर्थ नाहीं.

उंदरांत घडलें म्हणून माणसांत घडेलच असें धरून चालणें बरें नव्हे, ही शंका वाचक घेतील आणि ती रास्त आहे. परंतु येथें माणसांतला पुरावा आधींच हातीं होता. एडिंबरोच्या स्ट्युअर्ट प्रभृतींनीं १९८७ मध्यें निरोगी स्वयंसेवकांना ज्येष्ठमधाची मिठाई खाऊं घालून, त्यांच्या शरीरांत कॉर्टिसोलचें कॉर्टिसोन होण्याचें काम मंदावतें असें दाखविलें होतें. त्याच्याही आधीं, १९७० नंतरच्या दशकांत, अमेरिकेंत कांहीं मुलें आढळलीं होतीं: रक्ताचा दाब भयंकर चढलेला, पोटॅशियम उतरलेलें, आणि रक्तांत ऑल्डोस्टेरॉन पाहावें तर जवळजवळ नाहींच. त्यांच्या मूत्रपिंडांतील पहारेकरी जन्मतःच अधू होता. नित्य भरपूर ज्येष्ठमध घेणारा मनुष्य तेवढ्या काळापुरता त्या मुलांसारखाच होतो.

आतां खोकला. पत्रांतील गांठ खरी तेथें आहे. सासूबाईंच्या गोळीचें नांव भगिनींनीं कळविलें आहे. तें ‘प्रिल’ या अक्षरांनीं संपतें. एनालाप्रिल, रामिप्रिल वगैरे गोळ्या या कुळांतल्या, आणि त्यांचें काम एका दुसऱ्याच विकरावर चालतें. शरीरांतील मीठपाणी कमी पडलें कीं मूत्रपिंड रेनिन नांवाचें द्रव्य रक्तांत सोडतें. तें १८९८ सालीं स्टॉकहोम येथें सशाच्या मूत्रपिंडांत सांपडलें. रेनिनमुळें रक्तांत अँजिओटेन्सिन तयार होतें. आरंभीं तें निरुपद्रवी असतें. परंतु फुफ्फुसांत विपुल असलेलें एक विकर त्याचा शेंडा छाटतें आणि मग तें रक्तवाहिन्या आंवळूं लागतें, शिवाय अधिवृक्क ग्रंथींना ऑल्डोस्टेरॉन सोडावयास सांगतें. हें छाटणारें विकर उंदराच्या कोणत्या अवयवांत किती आहे याचें मोजमाप अमेरिकेंतील कुशमन व चुंग यांनीं १९७१ मध्यें प्रसिद्ध केलें. त्याला आवर घालणारें द्रव्य आधींच सांपडलें होतें, तें ब्राझिलांतील जराराका नांवाच्या सर्पाच्या विषांत. फेरेरा यांनीं तें १९६५ मध्यें दाखविलें. त्या धाग्यावरून कुशमन व ऑंडेट्टी यांनीं १९७५ मध्यें कॅप्टोप्रिल बनविलें आणि १९८१ पासून तें डॉक्टरांच्या हातीं आलें. घोणस आणि नाग यांना भिणाऱ्या आपल्या लोकांना हें ऐकून नवल वाटेल, पण आज घरोघरीं घेतल्या जाणाऱ्या या गोळ्यांचें मूळ त्या विषांत आहे.

हें विकर मात्र एकच काम करीत नाहीं. ब्रॅडिकायनिन नांवाचें दुसरें एक द्रव्य मोडून टाकणें हेंही त्याच्याकडे आहे. गोळीनें विकर थोपविलें कीं तें द्रव्य श्वासमार्गांत सांठतें आणि कोरडा, चिवट, विशेषतः रात्रीं छळणारा खोकला सुरू होतो. शंभरांत पांच ते वीस जणांना तो होतो. बायकांना पुरुषांहून अधिक. हा खोकला कफाचा नव्हे, वाताचा नव्हे, पावसाळी हवेचाही नव्हे. त्याला काढा लागू पडत नाहीं. डॉक्टरांनीं गोळी बदलून ‘सार्टन’ या अक्षरांनीं संपणाऱ्या दुसऱ्या कुळांतली दिली, म्हणजे बहुधा महिन्याच्या आंत तो आपोआप थांबतो.

पत्रांतील घटनांची संगति आतां वाचक स्वतःच लावूं शकतील. गोळीनें खोकला आला असावा. खोकल्यासाठीं ज्येष्ठमध सुरू झालें. ज्येष्ठमधानें दाब चढला. दाब चढला म्हणून गोळी दुप्पट झाली. दुप्पट गोळीचाही उपयोग होईना, हें तर अगदीं अपेक्षितच होतें. गोळी ऑल्डोस्टेरॉनची वाट अडविते. आणि येथें तर मीठ राखण्याचा हुकूम ऑल्डोस्टेरॉन देतच नाहीं, कॉर्टिसोल देतो. पुढल्या दाराला दोन कुलपें घातलीं तरी परसदार सताड उघडें! पोटऱ्यांत येणारे गोळेही याच दिशेला बोट दाखवितात, कारण पोटॅशियम फार उतरलें कीं स्नायू असे आंवळतात. ‘प्रिल’ गोळीनें एरव्हीं पोटॅशियम थोडें वाढावयाचें. तें उतरलेलें निघालें तर डॉक्टरांना तेवढ्यावरूनच शंका येईल. त्यांतून रोग्याला लघवी अधिक होण्याची गोळीही चालू असेल, किंवा हृदयासाठीं डिगॉक्सिन चालू असेल, तर गोष्ट सुजेवर थांबत नाहीं. उतरलेल्या पोटॅशियमनें हृदयाचा ताल बिघडतो. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत चौपन्न वर्षांचा एक गृहस्थ, कित्येक आठवडे रोज दीड पुडा ज्येष्ठमधाची मिठाई खाण्याच्या संवयीपायीं, याच रीतीनें हृदय थांबून दगावला. त्याची हकीगत २०२० मध्यें वैद्यकीय नियतकालिकांत प्रसिद्ध झाली आहे.

किती ज्येष्ठमध म्हणजे फार? युरोपांतील तज्ज्ञ-समितीनें २००३ मध्यें ग्लिसिऱ्हायझिनची नित्याची मर्यादा दिवसाला १०० मिलिग्राम ठरविली. आपल्या चहाच्या चमचाभर चूर्णाचें वजन सुमारें ३ ग्राम धरावें. त्यांत शेंकडा ४ ग्लिसिऱ्हायझिन मानलें, तर १२० मिलिग्राम झालें. म्हणजे एका चमच्यांतच मर्यादा ओलांडली. मुळांतील प्रमाण दोन टक्क्यांपासून नऊ टक्क्यांपर्यंत कमीअधिक असतें, त्यामुळें पुडी पाहून आंकडा सांगतां येत नाहीं. आणि ती मर्यादाही कदाचित् सैलच असेल. २०२४ मध्यें स्वीडनमधील लिंचेपिंग येथें अठ्ठावीस निरोगी तरुण-तरुणींना दोन आठवडे रोज १०० मिलिग्रामच दिलें, तर वरचा आंकडा सरासरीनें तीन मिलिमीटर चढला. तरुण निरोगी माणसाला तीन मिलिमीटर म्हणजे कांहींच नाहीं. अडुसष्ट वर्षांच्या, आधींच दाब असलेल्या बाईंनीं दिवसभर कांडी चघळली तर काय होईल, याचा अंदाज मात्र त्यावरून येतो. आयुर्वेदानें प्रत्येक औषधाला मात्रा, काल आणि प्रकृति यांचें बंधन घातलें आहे. चार दिवस घसा बसला म्हणून चार दिवस घेतलेलें ज्येष्ठमध बहुतेकांना बाधत नाहीं. तें बंधन सोडून आपण त्याचा बडिशेपेसारखा मुखवास केला, यांत चरकाचार्यांकडे बोट दाखवितां येत नाहीं.

‘घरगुती तें निरुपद्रवी’ ही समजूत अशिक्षितांपेक्षां सुशिक्षित घरांत अधिक आढळते, असा आमचा अनुभव आहे. आणि ती दूर व्हावी म्हणून आपल्याच प्रांतांतील एक उदाहरण देतों. मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांतील डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं सर्पगंधेच्या मुळाचा रक्तदाबावर होणारा परिणाम रोग्यांवर पद्धतशीर तपासून १९४९ मध्यें ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्यें प्रसिद्ध केला. सर्पगंधा सह्याद्रीच्या रानांतही उगवते आणि आपले वैद्य ती पिढ्यान्‌पिढ्या वापरीत आले होते; परंतु साऱ्या जगाचें लक्ष तिच्याकडे गेलें तें मोजून-मापून केलेल्या या कामानंतर. १९५२ मध्यें स्वित्झर्लंडांत तिच्यांतून रेसर्पिन वेगळें काढण्यांत आलें, आणि १९५७ मध्यें डॉ. वकिलांना अमेरिकेचें लास्कर पारितोषिक मिळालें. आपल्याला याचा अभिमान वाटतो तो योग्यच. पण गोष्टीचा उरलेला भाग आपण विसरतों. त्याच रेसर्पिननें कित्येक रोग्यांना खोल उदासीनता आली, आणि कमी त्रासाचीं औषधें निघाल्यावर तें मागें पडलें. ज्या मुळांत दाब उतरविण्याचें सामर्थ्य असूं शकतें, त्याच्या शेजारच्या डब्यांतील मुळांत दाब चढविण्याचें सामर्थ्य असणार नाहीं, असें मानण्याला आधार काय?

भगिनींनीं आणखी असें विचारलें आहे कीं घरांत सर्वांचें जेवण एकाच पातेल्यांतलें, मीठ एकाच बरणीतलें, मग दाब सासूबाईंनाच कां? याचेंही उत्तर उंदरांपाशीं आहे. अमेरिकेंतील डाल यांनीं १९६२ मध्यें उंदरांचीं दोन घराणीं वेगळीं वाढविलीं. दोघांनाही खारट अन्न तेंच. एका घराण्याचा दाब भराभर चढला, दुसऱ्याचा जवळजवळ स्थिर राहिला. मीठ पेलण्याची ताकद ज्याची त्याची उपजत असते. म्हणून एकाच्या पानांतलें मीठ कमी करून भागेल आणि दुसऱ्याला त्याची गरज कमी असेल, हें शक्य आहे. तथापि दिवसाला पांच ग्राम ही जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा आपल्याकडे बहुतेक जण ओलांडतात, तेव्हां साऱ्या पातेल्यांतच थोडें कमी घातलें तर कोणाचें कांहीं बिघडत नाहीं. उपवासाचें सैंधव मात्र औषधी समजून हात सैल सोडूं नये. मिठांतलें सोडियम त्यांतही जवळजवळ तितकेंच असतें. आणि बाजारांत ‘कमी सोडियमचें’ म्हणून मिळणाऱ्या मिठांत पोटॅशियम घातलेलें असतें. ‘प्रिल’ किंवा ‘सार्टन’ कुळांतली गोळी घेणारांनीं तें डॉक्टरांना विचारल्यावांचून आणूं नये.

तेव्हां करावयाचें तें असें. ज्येष्ठमधाचा काढा आणि कांडी आजच बंद करावी. गोळी मात्र आपल्या मनानें बंद करूं नये, अर्धीही करूं नये. डॉक्टरांकडे जाऊन ज्येष्ठमध किती महिने, किती प्रमाणांत चालू होतें तें न लाजतां सांगावें, खोकल्याचा आरंभ गोळीच्या आधींचा कीं नंतरचा हें आठवून सांगावें, आणि रक्तांतील सोडियम-पोटॅशियम तपासून घेण्याविषयीं विचारावें. ही तपासणी लांबणीवर टाकूं नये. पोटऱ्यांतील गोळ्यांबरोबर छातींत धडधड किंवा हातापायांत अशक्तपणा जाणवला, तर त्याच दिवशीं जावें. ज्येष्ठमध थांबविल्यावर पहारेकरी लगेच कामाला लागतो असें नाहीं. एक-दोन आठवडे, क्वचित् त्याहून अधिक काळ, दाब चढलेलाच राहतो; या दिवसांत दाब घरीं मोजून वहींत टिपून ठेवावा, कारण ज्येष्ठमधाचा अंमल उतरला कीं दुप्पट केलेली गोळी जास्त होऊन चक्कर येण्याचा संभव असतो, आणि मात्रा कमी करावयाची ती डॉक्टर त्या वहीवरूनच ठरवितील.

घरांत गरोदर सून किंवा लेक असेल तर तिच्यासाठींही रोजचें ज्येष्ठमध टाळावें. ‘प्रिल’ आणि ‘सार्टन’ या गोळ्या तर गरोदरपणांत वर्ज्यच आहेत. त्या चालू असतांना दिवस राहिले तर ताबडतोब डॉक्टरांना कळवावें, म्हणजे ते दुसरें औषध देतील.

ज्येष्ठमध नेहमीं आपल्या नांवानें येत नाहीं, हेंही येथें सांगितलें पाहिजे. खोकल्याच्या गोळ्या, घशाच्या वड्या, तयार काढ्यांच्या पुड्या, मुखवास, आंबलपित्तावरचीं चूर्णें यांच्या वेष्टणावर तें यष्टिमधु, मधुयष्टी, मुलेठी किंवा ग्लिसिऱ्हायझा ग्लाब्रा असें छापलेलें असतें. ज्यांतून ग्लिसिऱ्हायझिन काढून टाकलें आहे असाही ज्येष्ठमधाचा अर्क मिळतो, आणि तसें असेल तर तें डब्यावर स्पष्ट लिहिलेलें असतें. लिहिलेलें नसेल, तर तो साधा ज्येष्ठमधच समजावा.